पोप फ्रान्सिस ते पोप लिओ चौदावे : या संक्रमणाचा अर्थ कसा लावायचा?

आगाशीकर (धागाकर्ते)

पोप लिओ चौदावे यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी सेंट पीटर्स बॅसिलिकेचे पवित्र द्वार बंद केले आणि ज्युबिली वर्षाची, म्हणजे सहसा पंचवीस वर्षांनी येणाऱ्या पुण्यवर्षाची, सांगता झाली. हेच द्वार पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ च्या रात्री चाकांच्या खुर्चीत बसून उघडले होते. एका पोपच्या कारकिर्दीत सुरू झालेले ज्युबिली वर्ष दुसऱ्या पोपच्या कारकिर्दीत संपावे, असे यापूर्वी १७०० साली घडले होते. म्हणजे संक्रमणाचा काळ आता औपचारिक अर्थानेही सरला आहे, आणि गेल्या आठ महिन्यांत जे बरेच काही लिहिले-बोलले गेले त्याकडे थोडे शांतपणे पाहता येईल, म्हणून हा धागा काढत आहे.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे पास्काच्या (ईस्टरच्या) सणाच्या दुसऱ्या दिवशी, वारले. ७ मे रोजी कॉन्क्लेव्ह, म्हणजे नवा पोप निवडणारी कार्डिनलांची (पोपनी नेमलेल्या ज्येष्ठ धर्माधिकाऱ्यांची) बंद दाराआडची सभा, सुरू झाली आणि ८ मे रोजी चौथ्या फेरीत कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट निवडून आले; त्यांनी लिओ चौदावे हे नाव घेतले. पांढरा धूर निघाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, आणि सीमेवर युद्धजन्य परिस्थिती असल्याने एकाही मराठी वाहिनीला रोमकडे पाहायला सवड नव्हती, हे समजण्यासारखे आहे. आमच्या भागात बहुतेकांनी ती घोषणा मोबाइलवरच ऐकली. मधल्या सतरा दिवसांत मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेच्या, महाप्रार्थनेत 'आमचे पोप' या शब्दांपुढे घ्यायला नावच नव्हते. धर्मगुरू तो भाग वगळून थेट बिशपांच्या नावाकडे जात, आणि वर्षानुवर्षे ती प्रार्थना कानावर पडलेल्यांना तिथे दर वेळी अडखळल्यासारखे होई. ९ मेच्या पहाटेच्या मिस्सेत 'आमचे पोप लिओ' असे प्रथम उच्चारले गेले, आणि धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पातळीवर संक्रमण तेवढ्यात पार पडले.

वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांवर मात्र दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या. एका गटाच्या मते लिओ म्हणजे फ्रान्सिस यांचीच पुढची आवृत्ती, कारण मतदान करणाऱ्या १३३ कार्डिनलांपैकी १०८ जणांना फ्रान्सिस यांनीच नेमले होते. दुसऱ्या गटाच्या मते हे वळण आहे, कारण नवे पोप पहिल्याच दर्शनाला लाल खांदावस्त्र घालून सज्जात आले, जे फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये नाकारले होते, आणि जुलैत विश्रांतीसाठी पुन्हा कास्तेल गांदोल्फो या पोपच्या जुन्या उन्हाळी निवासस्थानी गेले. माझे मत असे की या दोन्ही मांडण्या एकाच सवयीतून येतात. आपण पोपपदाकडे मुख्यमंत्रिपदासारखे पाहतो, आणि नवा आला की जुन्याच्या किती योजना गुंडाळल्या आणि किती चालू ठेवल्या याची यादी करायला बसतो. कॅथलिक ख्रिस्तसभेत मात्र नव्या पोपवर आधीच्या पोपचे अपुरे काम पूर्ण करण्याची जबाबदारी येऊन पडते, मग त्याचा स्वतःचा कल कोणताही असो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे 'दिलेक्सी ते' हे प्रेषितीय पत्र. गोरगरिबांवरील प्रेमाविषयीचे हे पत्र फ्रान्सिस यांनी लिहायला घेतले होते. लिओ यांनी ते स्वतःच्या भरीसह पूर्ण केले, ४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणाच्या दिवशी, त्यावर स्वाक्षरी केली आणि आतच लिहून ठेवले की हा मजकूर आपल्याला वारशाने मिळाला आहे. २०१३ मध्ये हेच उलट बाजूने घडले होते. बेनेडिक्ट सोळावे यांनी जवळजवळ पूर्ण केलेले 'लुमेन फिदेई' हे परिपत्रक फ्रान्सिस यांनी आपल्या नावाने प्रसिद्ध केले. स्वभावाने आणि शैलीने इतकी दूर असलेली ती दोन माणसे, पण एकाच्या मजकुराखाली दुसऱ्याची सही होण्यात कोणालाच वावगे वाटले नाही. एखाद्या पक्षाच्या नव्या अध्यक्षाने मावळत्या अध्यक्षाचे अर्धे राहिलेले भाषण वाचून दाखवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता नावाकडे येतो. १० मे रोजी कार्डिनलांपुढे बोलताना नव्या पोपनी सांगितले की लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या १८९१ च्या परिपत्रकात पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या काळातील कामगारांचा प्रश्न हाताळला, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे तसेच आव्हान उभे राहिले आहे. जगभरातील भाष्यकारांनी लिओ तेरावे यांना एवढ्यावरच सोडून दिले. आपल्याला तसे करून चालणार नाही. कारण १ सप्टेंबर १८८६ रोजी भारतातील लॅटिन (रोमन विधी पाळणाऱ्या) धर्मप्रांतांची, म्हणजे एकेका बिशपांच्या अधिकारातील विभागांची, रीतसर रचना ज्यांनी उभी केली ते हेच लिओ तेरावे. मुंबईचा महाधर्मप्रांत आणि पुण्याचा धर्मप्रांत ही त्याच रचनेची अपत्ये आहेत. १८९३ मध्ये त्यांनी कँडी येथे स्थापन केलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली आणि नगर रस्त्यावर ती आजही धर्मगुरू घडवीत आहे. 'हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील' अशा आशयाचे त्यांचे लॅटिन वचन त्या संस्थेचे ब्रीद आहे. येथील ख्रिस्तसभा येथल्याच माणसांच्या हाती असावी, हा विचार इतक्या वरून इतक्या स्पष्टपणे आला, याचे मोल वसई-मुंबई-पुण्याच्या कॅथलिकांनी तरी जाणले पाहिजे.

आणखी एक योगायोग. फ्रान्सिस यांचे दफन त्यांच्या इच्छेनुसार २६ एप्रिलला रोममधील सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये झाले. व्हॅटिकनबाहेर ज्यांना चिरविश्रांती लाभली असे त्यांच्या आधीचे शेवटचे पोप लिओ तेरावेच होते.

जाणकारांनी भर घालावी. मतभेद असतील तर तेही मांडावेत, मात्र विषय सोडू नये ही विनंती.

जिज्ञासू पुणेकर

लेख आवडला. मी ख्रिस्ती नाही. पेपल सेमिनरीवरून आयुष्यभर ये-जा केली, पण ते नाव कोणत्या पोपशी जोडलेले आहे हे आज कळले.

दोन शंका आहेत. तुम्ही म्हणता ते सातत्य खरे मानले, तरी ते सातत्य राखणारी यंत्रणा कोणती? ज्यांना आधीच्या पोपनी नेमले तेच पुढचा पोप निवडतात, म्हणजे हे एका अर्थाने वारस नेमण्यासारखेच झाले. फ्रान्सिस यांनी १०८ जण नेमले असतील तर निकाल ठरलेलाच होता, असे कोणी म्हटले तर त्यात चूक काय?

दुसरे असे की भारत सरकारने तीन दिवसांचा राजकीय दुखवटा पाळला, राष्ट्रपती मुर्मू स्वतः अंत्यविधीला गेल्या. एका धर्माच्या प्रमुखासाठी हे सारे केले जाते ते तो एका राष्ट्राचा प्रमुख आहे म्हणून, की आणखी कशासाठी?

आगाशीकर

पहिली शंका रास्त आहे, पण इतिहास तिच्या बाजूने नाही. २०१३ च्या कॉन्क्लेव्हमधला प्रत्येक मतदार जॉन पॉल दुसरे किंवा बेनेडिक्ट यांनीच नेमलेला होता, आणि त्यांनी निवडले बेर्गोलिओ यांना, म्हणजेच फ्रान्सिस यांना. नेमणूक करणाऱ्याचे मन नेमलेल्यात उतरतेच असे नाही. विशेषतः मतदान गुप्त असते, मतपत्रिका जाळल्या जातात, आणि मतदाराला पुन्हा कोणापुढे निवडणुकीला उभे राहायचे नसते तेव्हा तर नाहीच.

नियमही पाहण्यासारखे आहेत. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्या कार्डिनलांना मत नाही, हे पॉल सहावे यांनी १९७० मध्ये ठरवले. मतदारांची संख्या १२० पेक्षा जास्त नसावी, हेही त्यांनीच १९७५ मध्ये घातलेले बंधन. फ्रान्सिस यांनी ते ओलांडले होते, त्यामुळे या वेळी मतदानाला पात्र असलेल्या १३५ पैकी १२० च्या वरच्यांना मत देता येईल का, असा प्रश्न निघाला. पोपनी जाणीवपूर्वक अधिक कार्डिनल नेमले यातच बंधनातून दिलेली सूट अध्याहृत आहे, असे कार्डिनलांच्या सभेने ३० एप्रिल रोजी जाहीर केले. आजारपणामुळे दोघे येऊ शकले नाहीत, १३३ जण आत गेले आणि दोन-तृतीयांशाच्या हिशेबाने ८९ मतांची गरज होती. जगाच्या सत्तरएक देशांतून आलेली, एकमेकांना धड न ओळखणारी ही माणसे दीड दिवसात ८९ वर पोहोचतात, हे ठरलेल्या निकालाचे लक्षण मानायचे की नेमका माणूस सापडल्याचे, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दुसरे वाटते. अमेरिकेत जन्मलेला, पेरूमध्ये उमेदीची वर्षे घालवलेला, एका जागतिक धर्मसंघाचा बारा वर्षे प्रमुख राहिलेला आणि शेवटी रोममध्ये बिशपांच्या नेमणुकांचे खाते सांभाळणारा दुसरा कोणी त्या सभागृहात नव्हता.

दुखवट्याविषयी : औपचारिक उत्तर राष्ट्रप्रमुख हेच आहे. प्रत्यक्षात दोन्ही कारणे असतात, आणि गोव्याच्या विधानसभेचे उपसभापती त्या शिष्टमंडळात होते यावरून दुसरे कारणही सरकारच्या मनात होते हे दिसते.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो आहे. धागाकर्त्यांनी १८८६ विषयी जे लिहिले आहे त्यात तथ्य आहे, पण चित्र फारच गोड रंगवले आहे, म्हणून थोडी कडू बाजू मांडतो.

लिओ तेरावे यांनी त्याच वर्षी पोर्तुगालशी करार केला. गोव्याच्या आर्चबिशपना 'पूर्वेकडील प्रदेशांचे पॅट्रिआर्क' हा मान त्याच वर्षी मिळाला आणि तो आजही चालू आहे. पण ज्या भांडणाने मुंबई-साष्टी-वसईच्या कॅथलिकांची पिढ्यान् पिढ्या फाळणी केली होती ते दुहेरी अधिकारक्षेत्राचे भांडण या कराराने मिटले नाही. उलट ते कागदावर पक्के झाले. एकाच शहरात, कधी एकाच वस्तीत, काही धर्मग्राम पाद्रोआदोच्या म्हणजे पोर्तुगीज राजाश्रयाच्या परंपरेतील दमणच्या बिशपांच्या अधिकारात, तर शेजारचे रोमच्या प्रोपागांडा (धर्मप्रसार) खात्याने नेमलेल्या मुंबईच्या आर्चबिशपांच्या अधिकारात. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांना दोन वेगळे बिशप, आणि लग्न जुळवायचे तर परवानगी कोणाकडून घ्यायची इथपासून प्रश्न. हे १९२८ पर्यंत चालले. त्या वर्षी दमणचा धर्मप्रांत विसर्जित झाला, दमण गोव्याला जोडले गेले आणि मुंबई एकसंध झाली.

तरीही 'भारताचे पुत्र' कुठे होते? १९२८ च्या व्यवस्थेनुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचे. ती आळीपाळी मोडली ती आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइटांनी. १९४६ मध्ये ते स्वतः मुंबईबाहेर गेले आणि कारभार सहायक बिशप व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यावर सोपवला, आपली जागा भारतीय माणसाला मिळावी म्हणून. ग्रेशियस १९५० मध्ये मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. म्हणजे लिओ तेरावे यांचे वचन मुंबईपुरते खरे व्हायला १८८६ पासून चौसष्ट वर्षे लागली, आणि त्यासाठी एका परदेशी माणसाला आपणहून खुर्ची सोडावी लागली. पोपच्या नुसत्या वचनाने काही होत नाही, वचन अमलात आणणारा माणूस लागतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

नव्या पोपविषयी आमच्याकडे कुतूहल आहे ते वेगळ्या कारणाने. ते ऑगस्टिनियन संघाचे आहेत, आणि जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा ज्याने पाहिला नाही असा गोंयकार विरळा. सोळाव्या शतकात ऑगस्टिनियन गोव्यात आले, १८३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले तेव्हा गेले, आणि मागे हा लाल जांभ्याचा सांगाडा उरला. जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे अवशेष याच मठाच्या उत्खननात सापडले आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. आमचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव मतदान करणाऱ्या चार भारतीयांपैकी एक होते. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांना डिसेंबर २०२४ मध्ये ऐंशी वर्षे पूर्ण झाल्याने मत नव्हते, पण कॉन्क्लेव्हपूर्वीच्या चर्चांत ते होते.

आगाशीकर

भर मोलाची आहे. रॉबर्ट्स यांचा उल्लेख मुद्दाम कोणी करत नाही, तो तुम्ही केलात याबद्दल आभार. वसईतही दुहेरी अधिकाराच्या काळातील धुसफूस जुन्या माणसांच्या बोलण्यात अलीकडेपर्यंत येत असे.

मिशिगनकाठ

मी गेली बरीच वर्षे शिकागोच्या उपनगरात राहतो. मूळ नाशिकचा, कॅथलिक. पोप ज्या डॉल्टन गावात वाढले ते शहराच्या दक्षिण सीमेला लागून आहे, माझ्यापासून दूर नाही, पण तो भाग वेगळा आहे. गिरण्या-कारखाने बंद पडल्यावर ओस होत गेलेला.

इथल्या कॅथलिकांना 'आपला पोप' याचा आनंद झाला तो पंधरा दिवस टिकला. नंतर जो तो त्यांना आपल्या पक्षात ओढू लागला, आणि धागाकर्ते ज्या सवयीबद्दल लिहितात तिचे सर्वांत उघडे रूप इथे दिसते. फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहून स्थलांतरितांच्या सामूहिक हद्दपारीवर टीका केली होती. तेव्हा इथल्या अनेकांनी 'अर्जेंटिनाच्या माणसाला आपला देश कळत नाही' असे म्हणून ते झटकले. लिओ यांच्याबाबतीत ही पळवाट उरली नाही. सप्टेंबरअखेर त्यांनी पत्रकारांना सांगितले की गर्भपाताला विरोध करायचा आणि स्थलांतरितांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीला संमती द्यायची, हे जीवनाच्या बाजूने असणे आहे का हे आपल्याला माहीत नाही. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या बिशपांनी बॉल्टिमोरच्या सभेत स्थलांतरितांच्या प्रश्नावर विशेष संदेश काढला. विशेष संदेश त्यांनी त्याआधी, वेगळ्या विषयावर, २०१३ मध्ये काढला होता. म्हणजे फ्रान्सिस यांचेच म्हणणे, पण ते आता इथलाच माणूस इंग्रजीत बोलतो आहे. मला वाटते या संक्रमणाचे खरे वजन यातच आहे.

आणखी एक. निवडीनंतर सज्जातून बोलताना त्यांनी इटालियन आणि स्पॅनिश वापरली, पेरूतील चिक्लायोच्या आपल्या लोकांना नाव घेऊन अभिवादन केले, पण इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नाही. इथे अनेकांना ते लागले. मला तो जाणूनबुजून केलेला खुलासा वाटला.

जुनी मिस्सा

सर्व प्रतिसादांत एक सूर समान आहे, की सातत्य ही आपोआप चांगली गोष्ट. मला ते मान्य नाही. फ्रान्सिस यांच्या काळात काही निर्णय असे झाले की ज्यांनी श्रद्धावंतांना जखमा झाल्या. जुलै २०२१ च्या आदेशाने लॅटिन मिस्सेच्या जुन्या विधीवर जी बंधने आली त्यामुळे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये दिलेली मोकळीक चौदा वर्षांत काढून घेतली गेली. डिसेंबर २०२३ च्या, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याविषयीच्या घोषणेने आफ्रिकेतील बिशपांना एकत्रितपणे असहमती नोंदवावी लागली. असे असताना नव्या पोपचे काम फक्त वारसा पुढे नेणे एवढेच कसे असेल? वारशात कर्जही असते.

लिओ यांनी आतापर्यंत काय केले? ऑक्टोबरमध्ये जुन्या विधीचे पुरस्कर्ते कार्डिनल बर्क यांना सेंट पीटर्समध्ये जुन्या विधीने मिस्सा करू दिली. पण २०२१ चा आदेश जसाच्या तसा आहे. सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी हा विषय राजकीय झाला आहे असे म्हटले आणि संबंधितांशी बसून बोलण्याची तयारी दाखवली. मी वाट पाहायला तयार आहे, पण वाट पाहणे म्हणजे संमती नव्हे.

आगाशीकर

वारशात कर्ज असते हे कबूल. पण तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा पुढे जातो असे मला वाटते. लिओ यांनी आदेश रद्द केला नाही आणि विरोधकांना झिडकारलेही नाही. आधीच्या पोपचा निर्णय पहिल्याच वर्षी उलटवला तर पुढच्या प्रत्येक पोपचा निर्णय तात्पुरता ठरतो, आणि मग तुम्हाला प्रिय असलेला बेनेडिक्ट यांचा निर्णयही तसाच तात्पुरता होता असे मानावे लागते. या पदावरचा माणूस सावकाश चालतो ते भित्रेपणाने नव्हे. लॅटिन विधीला आपल्याकडे फारसे अनुयायी नाहीत म्हणून तुमची वेदना क्षुल्लक ठरवण्याचा माझा हेतू नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला तीच मिस्सा पाठ होती.

नंदाखालची

इथे आतापर्यंत कार्डिनल, आर्चबिशप आणि पोप यांचीच चर्चा झाली, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सिनडची, म्हणजे सर्व स्तरांवर मते ऐकून घेण्याची, प्रक्रिया सुरू केली तेव्हा आमच्या धर्मग्रामातही प्रश्नावली आली. सभागृहात गटागटाने बसलो. प्रश्न असे होते की 'सहप्रवास' आणि 'सहभागिता' यांचा अर्थ वाचणारीलाच सांगता येईना. मग एका आजींनी विचारले की नातीच्या लग्नाचे कागद करायला इतके हेलपाटे का घालावे लागतात, आणि ऑफिसची वेळ शेतावरच्या बाईला जमेल अशी का नाही. दुसरीने विचारले की चर्च झाडणे, फुले लावणे, सणाच्या दिवशी दोनशे माणसांचे जेवण रांधणे आमच्याकडे, मग पैशाचा हिशेब पाहणाऱ्या समितीत आमच्यातली एकच कशी? हे सगळे लिहून घेतले गेले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये रोममध्ये त्या प्रक्रियेचा अंतिम दस्तऐवज मंजूर झाला, आणि फ्रान्सिस यांनी त्यावर वेगळे पत्र न काढता तोच अधिकृत मानला. धर्मग्रामात सल्लागार मंडळ आणि आर्थिक समिती नुसत्या नावाला नसाव्यात, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आमच्या आजींचा प्रश्न रोमपर्यंत पोचला की नाही कोण जाणे, पण उत्तर तिकडून आलेले आहे.

माझ्यासारखीला या संक्रमणात एवढेच पाहायचे होते की हे गुंडाळले जाते की काय. नव्या पोपनी पहिल्याच भाषणात सिनडच्या मार्गाने चालणाऱ्या ख्रिस्तसभेचा उल्लेख केला, तेव्हा हायसे वाटले. मात्र फार आशा लावून घेत नाही. फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला यांना व्हॅटिकनच्या एका खात्याचे प्रमुखपद दिले आणि मार्चपासून व्हॅटिकन सिटीचा कारभार सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी यांच्याकडे आला. स्त्रियांना उपधर्मगुरुपद देण्याविषयी मात्र लिओ यांनी मुलाखतीत सांगितले की शिकवणीत बदल करण्याचा आपला तूर्त इरादा नाही, आणि डिसेंबरमध्ये अभ्यास आयोगाचा निष्कर्षही तूर्तास नकाराकडे झुकलेलाच प्रसिद्ध झाला. म्हणजे खुर्च्या मिळतात, वेदी मिळत नाही. जुनी मिस्सा यांना जशी त्यांच्या विषयात वाट पाहावी लागते तशी आम्हाला आमच्या विषयात.

जुनी मिस्सा

आपल्या दोघांच्या वाटा विरुद्ध दिशांच्या आहेत, तरी शेवटचे वाक्य पटले.

जिज्ञासू पुणेकर

चर्चा चांगली रंगली आहे. बाहेरच्या माणसाच्या नजरेतून एक निरीक्षण. ११ मे २०२५ च्या दुपारी नव्या पोपनी सज्जातून युक्रेन आणि गाझा यांच्याबरोबर भारत-पाकिस्तान युद्धविरामाचाही उल्लेख करून समाधान व्यक्त केले, हे मी तेव्हा वाचले होते. पदावर येऊन तीन दिवस झालेल्या माणसाने ते बोलावे याचे मला आश्चर्य वाटले होते. त्यांचा भारताशी आधीचा काही संबंध आहे का? आणि धागाकर्ते म्हणतात की बदल सावकाश दिसतो, तर तो नेमका कुठे पाहायचा, हे आमच्यासारख्यांना समजेल असे सांगावे.

आगाशीकर

ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख असताना, म्हणजे २००१ ते २०१३ या काळात, ते संघाच्या कामासाठी केरळात येऊन गेले आहेत. त्यामुळे भारत त्यांना अगदीच अनोळखी नाही. पॉल सहावे १९६४ मध्ये मुंबईच्या युखरिस्त परिषदेला आले आणि जॉन पॉल दुसरे १९८६ मध्ये मुंबई, पुणे व गोवा येथे आले, त्या अर्थाचा संबंध मात्र अजून व्हायचा आहे. फ्रान्सिस यांना भारतभेटीचे निमंत्रण होते, पण भेट झाली नाही.

बदल कुठे पाहायचा, याचे माझे उत्तर एकच आहे : बिशपांच्या नेमणुकांत. पोपची भाषणे दुसऱ्या दिवशी विसरली जातात. पण पंचावन्न वर्षांचा बिशप नेमला की तो पंच्याहत्तरीला राजीनामा देईपर्यंत वीस वर्षे एका धर्मप्रांताचे रूप ठरवतो. सेमिनरीत काय शिकवायचे, शाळांत गरिबांच्या मुलांना जागा किती, जमिनीच्या वादात कोणाच्या बाजूने उभे राहायचे, नंदाखालची यांनी सांगितलेल्या समित्या खऱ्या की खोट्या, हे सगळे तिथे ठरते. लिओ स्वतः २०२३ पासून दोन वर्षे बिशपांच्या नेमणुकांच्या खात्याचे प्रमुख होते, त्यामुळे हे काम त्यांच्याइतके जवळून जाणणारा पोप अलीकडे झाला नाही.

इथे आपल्यापुरता एक बारकावा आहे. भारतातील बहुतेक लॅटिन धर्मप्रांतांच्या नेमणुका त्या खात्याकडे जात नाहीत. त्या सुवार्ताप्रसाराच्या खात्याकडे जातात, जे मांडवीकाठ यांनी सांगितलेल्या जुन्या प्रोपागांडा खात्याचेच आजचे रूप आहे. २०२२ च्या फेररचनेपासून त्याचे प्रमुखपद पोपनी स्वतःकडेच ठेवले आहे आणि आपल्याकडील धर्मप्रांतांचा विभाग फिलिपिन्सचे कार्डिनल ताग्ले पाहतात. धर्मप्रांतात जागा रिकामी होणार असली की दिल्लीतील पोपचे राजदूत निवडक धर्मगुरूंना, धर्मभगिनींना आणि काही प्रापंचिकांना गोपनीय पत्रे पाठवून नावे आणि मते मागवतात, त्यातून तीन नावांची यादी रोमला जाते आणि अंतिम निवड पोप करतात. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज यांनी सूत्रे घेतली आणि वसईला २०२४ मध्ये बिशप थॉमस डिसोझा आले, म्हणजे या दोन्ही ठिकाणी फ्रान्सिस यांची शेवटची निवड पुढील काही वर्षे राहील. लिओ यांचा हात महाराष्ट्रात दिसेल तो इतर धर्मप्रांतांत जागा रिकाम्या होतील तेव्हा. त्या नेमणुका ज्या दिवशी जाहीर होतील त्या दिवशी रोमला दुपारचे बारा वाजलेले असतात आणि आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे साडेतीन किंवा साडेचार. ज्यांना खरोखर रस आहे त्यांनी व्हॅटिकनचे दैनिक पत्रक त्या वेळेला पाहावे. बातम्यांच्या वाहिन्यांवर ते येणार नाही.